पावसाळ्यानंतरचे पाय

गणपती गेले, पाऊस उघडला, रस्ते वाळले. जूनपासून घराच्या कोपऱ्यात उभी असलेली सायकल बाहेर निघाली. टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल दिलं, आणि पहाटे साडेपाचला तुम्ही कात्रजच्या घाटाला लागलात. मे महिन्यात गप्पा मारत चढला होतात तोच घाट. आता मात्र निम्म्यावरच धाप लागते आणि मांड्या पेटतात. पाय तेच, फुप्फुसं तीच, वजन वाढलं असेल तर किलो-दोन किलो. मग मधल्या तीन महिन्यांत गेलं काय? आणि गेलं ते शरीरातल्या नेमक्या कुठल्या जागेतून गेलं?

महाराष्ट्रातल्या हौशी सायकलपटूचं वर्ष असं पावसावर चालतं. युरोपातला सायकलस्वार बर्फ वितळण्याची वाट बघतो, आपण ढग पांगण्याची. आपला खरा मोसम हिवाळ्याचा. साडेतेरा तासांत पूर्ण करायची २०० किलोमीटरची बीआरएम ही लांब पल्ल्याची राइड, मग ३००, ४००, ६००. कुणाच्या डोळ्यांसमोर पुणे ते गोवा ही डेक्कन क्लिफहँगर शर्यत. त्याआधीचे आठ-दहा आठवडे ‘बेस’ बनवण्याचे. या काळात जाणती मंडळी जो सल्ला देतात तो ऐकून नव्या माणसाचा विरस होतो: हळू चालवा. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच जोरात. आठवड्यामागून आठवडे, तेच.

यात कसली आलीय तयारी, असं वाटणं साहजिक आहे. पण या संथ आठवड्यांत कातडीखाली जे चालतं ते कळलं, की आपण स्वतःच्याच मांडीकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतो.

आधी नुकसानीचा हिशेब करू. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं सराव करणाऱ्या सात धावपटू-सायकलपटूंना सांगितलं, आता ८४ दिवस व्यायाम बंद. ८४ दिवस म्हणजे बघा, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जवळपास आपला पावसाळाच. या काळात शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, जिला सायकलवाले व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती पहिल्या २१ दिवसांतच ७ टक्क्यांनी घसरली. ५६ दिवसांपर्यंत घसरण १६ टक्क्यांवर गेली आणि तिथे थांबली. स्नायूंच्या पेशींत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही बरीच उतरली, पण कधीच व्यायाम न केलेल्या माणसापेक्षा ती तरीही दीडपट राहिली. आणि एका गोष्टीत तर काहीच फरक पडला नाही. स्नायूंच्या आत वर्षानुवर्षांच्या सरावानं वाढलेल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या ८४ दिवसांनंतरही जशाच्या तशा होत्या!

म्हणजे सगळं एकदम जात नाही. शरीर काही गोष्टी दिवसांत सोडून देतं, काही आठवड्यांत, आणि काही महिनोन्‌महिने सांभाळून ठेवतं. परत मिळवतानाही प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा. ऑक्टोबरातल्या त्या कंटाळवाण्या राइड्सचं सगळं मर्म यात आहे.

सगळ्यात आधी काय जातं? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत इतकी मोठी घसरण झाली तर वाटेल, हृदय कमजोर झालं असणार. एका ठोक्याला हृदय बाहेर टाकत असलेलं रक्त खरोखरच १०-१४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं होतं. पण हृदय हा स्नायू आहे, तो दोन-तीन आठवड्यांत इतका कसा झिजेल? कॉइल यांनी १९८६ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. सराव सोडलेल्या लोकांच्या शिरेत त्यांनी रक्ताचं आकारमान वाढवणारा द्रव सोडला. सराव चालू असताना जेवढं रक्त अंगात होतं तेवढं ते पुन्हा केलं आणि पुन्हा पेडल मारायला लावलं. दर ठोक्यामागचं रक्त जवळजवळ पूर्वीइतकं झालं! हृदयाचं काही फारसं बिघडलेलंच नव्हतं. त्यात भरायला रक्त कमी पडत होतं, इतकंच.

रक्तात निम्म्याहून जास्त भाग असतो तो पिवळसर पाण्याचा, रक्तद्रवाचा. व्यायाम थांबला की शरीर हे जादा पाणी काढून टाकतं. आणि व्यायाम सुरू झाला की? पहिल्या घामेजल्या राइडनंतर मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात. रक्तात प्रथिनं वाढतात, ती पाण्याला वाहिन्यांमध्ये खेचून ठेवतात. तुम्ही घरी येऊन पोहे खाऊन झोपता, आणि चोवीस तासांच्या आत रक्त वाढलेलं असतं. रोज चालवलीत तर आठवड्याभरात रक्तद्रव दहा-बारा टक्क्यांनी वाढू शकतो. म्हणजे साधारण पेलाभर, दीड पेला नवा द्रव, तुमच्या नकळत.

गंमत अशी, की तांबड्या पेशी इतक्या झटपट वाढत नाहीत. त्या हाडांच्या मगजात तयार होतात, त्यांना आठवडे लागतात. मग या काळात रक्त तपासलंत तर हिमोग्लोबिनचा आकडा चक्क उतरलेला दिसू शकतो. पंगतीला चार पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवावं, तसं हे. डाळ तेवढीच, पण आमटी सगळ्यांना पुरते. पातळ झालेलं हे रक्त उलट फायद्याचं ठरतं: हृदय दर वेळी जास्त भरतं, जास्त ताणलं जातं, आणि ताणलेलं हृदय जास्त जोरात आकसतं. त्याच घाटावर, त्याच वेगानं, ठोके कमी पडायला लागतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मनगटावरच्या घड्याळात तुम्हाला सुधारणा दिसते ती बहुतेक ही.

ऑक्टोबरच्या उन्हात या पाण्याचं आणखी एक काम असतं. सायकल चालवताना अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावायला हवं, आणि ऑक्सिजन पोचवायला त्याच रक्तानं मांड्यांकडेही धावायला हवं. रक्त अपुरं असेल तर दोन्ही कामं अर्धवट होतात. पेलाभर जादा द्रवामुळे ही ओढाताण थांबते. सकाळी नऊच्या उन्हात परतताना पहिल्या आठवड्यात जीव नकोसा होतो आणि तिसऱ्या आठवड्यात होत नाही, त्यातला मोठा भाग हाच.

इथवरची कमाई झटपट झाली, म्हणून ती झटपट जातेही. खरं आश्चर्य पुढे आहे, पेशींच्या आत.

तुमच्या मांडीच्या स्नायूतल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. शाळेत आपण त्यांना पेशींची ऊर्जाकेंद्रं म्हणून पाठ केलं आणि विसरून गेलो. साखर आणि चरबी यांचा ऑक्सिजनशी मेळ घालून स्नायूला वापरता येईल अशी ऊर्जा त्या करतात. आता थोडं थांबा. या तंतुकणिका मूळच्या आपल्या नव्हेतच. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी मांडलं, की अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी एका पेशीनं एका जिवाणूला आत घेतलं आणि तो तिथेच राहिला. त्या वेळी अनेकांनी वेड्यात काढलेली ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात आहे. तंतुकणिकांना अजून त्यांचा स्वतःचा डीएनए आहे, आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. घाट चढताना तुम्ही ज्या जोरावर पेडल मारता तो आईकडून, तिच्या आईकडून, तिच्याही आईकडून आलेल्या या पाहुण्यांचा आहे.

आणि योगायोग बघा. त्याच १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलॉझी यांचा एक निबंध आला. त्यांनी उंदरांना आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे, फिरत्या पट्ट्यावर धावायला लावलं होतं. हळूहळू वेळ वाढवत दिवसाला दोन तासांपर्यंत. मग त्यांनी पायांचे स्नायू तपासले. तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दुप्पट झाली होती! व्यायामानं हृदय सुधारतं हे लोकांना माहीत होतं. पण पायातला स्नायू आपल्या आतली रसायनशाळाच बदलून टाकतो, हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

या तंतुकणिका शून्यातून बनवता येत नाहीत. असलेल्याच वाढतात, विभागतात, एकमेकींना जोडल्या जातात. व्यायामात पेशीची ऊर्जा खाली गेली, की पेशीच्या आत काही रासायनिक इशारे उठतात आणि केंद्रकातली व तंतुकणिकांमधली, अशा दोन वेगवेगळ्या डीएनएंमधली माहिती एकाच वेळी वाचली जाऊ लागते. एका राइडनंतर हा इशारा काही तासांत विरतो. त्यातून बनलेली प्रथिनं थोडी शिल्लक राहतात. परवाच्या राइडनं त्यात थोडी भर पडते. असं करत आठवडे जातात, तेव्हा कुठे फरक जाणवण्याजोगा होतो. म्हणून बेसच्या काळात एका दिवशी सहा तास मरमर करण्यापेक्षा आठवड्यातून चार-पाच वेळा मोकळं चालवणं मोलाचं.

हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून होतं? मेंदूच्या? रक्तातल्या एखाद्या द्रव्याच्या? १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी याचं उत्तर ज्या तऱ्हेनं शोधलं, ते मला विज्ञानातल्या सगळ्यांत देखण्या दृश्यांपैकी एक वाटतं. एकच व्यायामाची सायकल. तिच्या एका बाजूला एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोघेही एकाच पायानं पेडल मारताहेत, पाय पार थकेपर्यंत. दुसरा पाय नुसता आरामात. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण. आणि दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचा कण काढायचा, स्वतःच्याच. थकलेल्या पायात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाली होती. रक्त तेच, जेवण तेच, मेंदू तोच. तरी एका पायानं साठा वाढवला आणि दुसऱ्यानं नाही. काम केलेल्या स्नायूनं ते स्वतःच ठरवलं होतं.

पुढे बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना आठवडेच्या आठवडे एकाच पायानं सायकल चालवायला लावली. यान हेन्रिक्सन यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की अशा माणसाला नंतर दोन्ही पायांनी पेडल मारायला लावलं तर सराव केलेला पाय चरबी जास्त जाळतो आणि दुसरा साखरेवर जास्त विसंबतो. एकाच माणसाचे दोन पाय, एकाच वेळी, वेगवेगळ्या इंधनावर!

हे इंधनाचं प्रकरण हौशी सायकलपटूला थेट भिडतं. अंगात साठवलेलं ग्लायकोजेन साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. २०० किलोमीटरच्या बीआरएमला चार हजारांच्या पुढे लागतात. साखर संपली की काय होतं ते ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. आपल्या ग्रुपमध्ये त्याला ‘बॉन्क होणं’ म्हणतात. डोकं बधिर, हातांना थरथर, समोरचा साधा उड्डाणपूलही डोंगर वाटतो. आणि त्याच वेळी त्या माणसाच्या अंगावर, तो अगदी सडपातळ असला तरी, दहा किलो चरबी असते. सत्तर हजारांहून जास्त कॅलरी! एवढा साठा असून उपाशी, कारण चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि तंतुकणिका भरपूर लागतात. त्या वाढल्या की त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो, साखर मागे राहते, आणि शेवटच्या चाळीस किलोमीटरसाठी पायात काहीतरी उरतं.

पण तंतुकणिकांना ऑक्सिजन पोचवणार कोण? इथे त्या केसाहून बारीक वाहिन्या येतात, केशवाहिन्या. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना त्यांचं नियमन कसं चालतं हे शोधल्याबद्दल १९२० चं नोबेल मिळालं. माणूस किती काम करतोय हे अचूक मोजता यावं म्हणून प्रयोगशाळेतली सायकल बनवणारेही हेच क्रोग. स्नायूंच्या विज्ञानाच्या गोष्टीत सायकल अशी पुन्हा पुन्हा येते. केशवाहिनी इतकी अरुंद असते, की तांबड्या पेशीला तिच्यातून जाताना अनेकदा वाकून, दुमडून जावं लागतं. तेवढ्या क्षणात तिनं ऑक्सिजन सोडायचा. जोरात पेडल मारताना रक्त इतक्या वेगानं धावतं, की पेशीला थांबायला उसंत मिळत नाही आणि ऑक्सिजन न सोडताच ती पुढे जाऊ शकते.

मग शरीर काय करतं? नव्या वाहिन्या वाढवतं. रक्ताचा प्रवाह वाहिनीच्या आतल्या भिंतीला घासतो, तासन्‌तास घासतो, आणि ती भिंत तो स्पर्श ओळखते. ऑक्सिजनला आसुसलेला स्नायूही रासायनिक हाक देतो. फांदी फुटते, पुढच्या फांदीला मिळते. १९७७ च्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या सायकलच्या सरावानं मांडीतल्या केशवाहिन्यांची दाटी २० टक्क्यांनी वाढली. वाटा वाढल्या की प्रत्येक वाटेवरची घाई कमी होते, तांबडी पेशी स्नायूपाशी जास्त रेंगाळते, ऑक्सिजन उतरवून मगच निघते. याच त्या वाहिन्या, ज्या ८४ दिवस सायकल बंद ठेवूनही टिकल्या होत्या. म्हणून तीन-चार मोसम झालेला माणूस पावसाळ्यानंतर लवकर सावरतो. कात्रजला त्यालाही धाप लागते, पण त्याच्या मांडीत गेल्या वर्षीच्या वाटा शाबूत असतात.

आता तो मूळ प्रश्न. हे सगळं व्हायला हळूच का? जोरात का नाही?

प्रामाणिकपणे सांगायचं तर जोरानंही होतं. छोट्या, तुफान जोराच्या सरावानंही तंतुकणिका वाढतात, हे गेल्या वीस वर्षांत नीट दाखवलं गेलंय. ज्याला आठवड्याला जेमतेम तीन तास मिळतात त्यानं त्यातला थोडा वेळ जोरात घालवणं मला शहाणपणाचं वाटतं. पण जोराची किंमत मोठी असते. त्यात साखर भराभरा संपते, दुसऱ्या दिवशी पाय जड होतात, झोप बिघडते. आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा ते परवडतं. संथ चालवणं मात्र उद्याही करता येतं, परवाही करता येतं, आणि तासांची बेरीज वाढत जाते. नॉर्वेत काम करणारे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी जगातल्या उत्तमोत्तम स्कीपटू, नौकानयनपटू, सायकलपटूंच्या सरावाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा दहातली आठ सत्रं अशीच संथ निघाली. ज्यांना कुणाहीपेक्षा जोरात जाता येतं ते बहुतेक वेळ हळू जात होते!

संथ राइडमध्ये आणखी एक गुपित दडलंय. एलवूड हेनमन यांनी १९५७ पासून पुढे दाखवून दिलं, की मज्जासंस्था स्नायूतंतूंना ठरावीक क्रमानं कामाला लावते. आधी लहान, चिवट, न थकणारे तंतू. गरज पडली तरच मोठे, ताकदवान, लवकर दमणारे. हळू चालवताना पहिला तास-दीड तास सगळं काम चिवट तंतूच ओढतात. पण तिसऱ्या तासाला? त्यांच्यातलं ग्लायकोजेन कमी होत जातं, आणि वेग तोच असूनही मोठ्या तंतूंना एकेक करून बोलावणं जातं. १९७४ मध्ये सायकल चालवणाऱ्यांच्या मांड्यांतून काढलेल्या कणांत हा क्रम स्पष्ट दिसला: आधी मंद तंतू रिकामे, मग वेगवान. बाहेरून पाहणाऱ्याला तुम्ही तेच संथ पेडल मारताय. आत मात्र वेगळेच तंतू सहनशक्तीचा धडा गिरवायला लागलेत. रविवारची लांब राइड मधूनच सोडून घरी येऊ नये ती यासाठी.

वेग किती ठेवायचा, यासाठी महागडं पॉवर मीटर लागत नाही. शेजारच्याला पूर्ण वाक्य सांगून बघा. मध्ये श्वासासाठी थांबावं लागलं तर जोर जास्त झाला. इतकं सोपं असून हे पाळणं फार अवघड जातं, कारण ग्रुप राइडमध्ये चढ आला की कुणीतरी पुढे निघतोच आणि त्याच्यामागे सगळे सुटतात. राइड ना धड संथ होते, ना धड जोराची. ऑक्टोबरमध्ये शक्य असेल तर एकट्यानं चालवावी, किंवा गप्पांत रमणारा सोबती शोधावा.

हळू सुरुवात करण्याचं शेवटचं कारण स्नायूंत नाहीच, ते कंडरांमध्ये आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे घट्ट, पांढरे दोर. गेल्या शतकाच्या पन्नास-साठच्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ अचानक वाढला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. कुठल्या वर्षी बनलेल्या पेशीजालात तो किती असेल, हे त्यावरून सांगता येतं. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेमागच्या अकिलीस कंडरेचा गाभा असा तपासला, आणि निघालं काय? तो माणसाच्या सतरा-अठराव्या वर्षापर्यंत बनलेला असतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. पंचेचाळिशीतला माणूस घाट चढतो तो कॉलेजातल्या दोरांवर! रक्त आठवड्यात वाढतं, स्नायू दोन महिन्यांत तयार होतात, पण हे दोर स्वतःला फार सावकाश, फार थोडं बदलतात. तिसऱ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखा वाटतो, आपण जड गिअर टाकतो, आणि गुडघ्याखाली टोचायला लागतं, ते यामुळे. हलका गिअर आणि मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे ठेवले, की तेवढ्याच वेगाला दर फेऱ्यात कंडरेवर येणारा ताण कमी होतो.

हा हिशेब फक्त व्यावसायिक खेळाडूंसाठी नाही. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. ही सगळी माणसं आपला व्यवसाय, आपली नोकरी असलेली. सायकल हे त्यांचं पोट नव्हे. त्यांच्या मांड्यांत वेगळं काही घातलेलं नव्हतं. तेच जिवाणूंचे वंशज, त्याच वाकून जाणाऱ्या तांबड्या पेशी.

‘पण आता वय झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास राखून ठेवलाय. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला साल्टिन आणि सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा शोधून काढलं. आता ते पन्नाशीचे, सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेलं. तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयानं त्यांची क्षमता जेवढी खाली आणली होती, त्याहून जास्त ती तेव्हा तीन आठवड्यांच्या झोपण्यानं घसरली होती!

मग त्यांना सहा महिने सराव दिला. चालणं, हळू धावणं, जागच्या जागी सायकल; बेताचं, पण नेमानं. सहा महिन्यांनी क्षमता पुन्हा मोजली, तर सरासरीनं ती १९६६ मध्ये प्रयोगाला सुरुवात करताना होती तिथे परत आली होती. विशीत, त्या झोपण्यानंतर करवून घेतलेल्या जोरदार सरावानं गाठलेली उंची त्यांनी पुन्हा गाठली नाही, पण वयानं नेलेलं सगळं भरून निघालं होतं. आणि ते भरून काढलं कुणी? हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती रक्त फेकतं हे मोजलं गेलं होतं, आणि ते वाढलेलंच नव्हतं. पन्नाशीतल्या त्या पाच माणसांचे स्नायू शेजारून जाणाऱ्या त्याच रक्तातून आता जास्त ऑक्सिजन काढून घेत होते.